अस्तर

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आहेत,
दोन-दोन. सेक्टर आठमधल्या बांधकामावरून
वॉचमनला चहाचे पैसे देऊन आणलेल्या.
रोहिणीने त्यांना जुन्या परकराची टोपडी शिवली,
फरशीवर लाल भुगा पडू नये म्हणून.
तेव्हापासून आमच्या घरात एक उतार आहे.

सकाळी कॅप्सूल. मग अर्धा तास काही नाही.
त्या अर्ध्या तासात मी खिडकीतून
ऐरोलीच्या पुलाकडे वळणाऱ्या कंपन्यांच्या बसेस मोजतो.
चहा शेजारच्या घरांतून येतो, नुसता वासाने.

एकतीस वर्षं रबाळ्याच्या प्रयोगशाळेत
मी आम्ल मोजलं.
ब्युरेटमधून थेंब, थेंब, खाली फ्लास्क हलवत राहायचा
आणि एका थेंबाला सगळं गुलाबी.
तिथे थांबायचं. वहीत आकडा लिहायचा.
नव्या पोरांना सांगायचो,
गुलाबी फिका हवा रे, गडद झाला
म्हणजे तुझं लक्ष नव्हतं.

दुर्बिणीच्या फोटोत गडद होता.
फिकट अन्ननलिकेत खालून वर चढलेल्या जिभा,
तीन सेंटीमीटर.
डॉक्टर धनावडे पेनाच्या टोपणाने दाखवत होते,
"इथलं अस्तर बदललंय.
आम्ल सोसून सोसून पेशींनी आतड्याचा वेष घेतलाय.
कॅन्सर नाही. होईलच असंही नाही.
पाळत ठेवू."

पाळत.
हा शब्द मी आजवर चोरांसाठीच ऐकला होता.

अस्तर मला ठाऊक आहे.
आमच्या टाकीला आतून काळं रबर असायचं.
दर दोन वर्षांनी टाकी रिकामी करून, धुऊन,
तांडेल आत उतरायचा, बॅटरी आणि लाकडी हातोडी घेऊन,
ठोकत ठोकत, कान लावून.
मी वर तोंडाशी उभा. "कसं आहे?"
खालून घुमत यायचं,
"चालंल साहेब. अजून चालंल."
आता दर दोन वर्षांनी मी डाव्या कुशीवर,
दातांत प्लास्टिकचं कडं, घसा बधिर,
आणि कुणीतरी बॅटरी घेऊन आत.
विचारायला तोंड मोकळं नसतं.

तांडेलच्या बापाने इथेच कुठेतरी मीठ ओढलं होतं.
मग भराव पडला, सेक्टर झाले, नंबर मिळाले.
खाडीच्या बाजूला झडपा आहेत
भरतीचं पाणी उलटं येऊ नये म्हणून;
गाळ अडकला की नीट मिटत नाहीत,
आणि मोठ्या भरतीला गटारातून खारट काहीतरी वर येतं.
माझ्या छातीत काय होतं
हे तांडेलला मी एवढ्यावरच सांगितलं.
तो म्हणाला, "मंग गाळ काढाचा."

त्याच्या पोरीच्या हळदीला गेलो.
रात्री अकराला मटणाचं पातेलं उघडलं,
सगळा मांडव त्या वाफेकडे वळला,
मी पिशवीतून दुधी-भाताचा डबा काढला,
तोही साताच्या आत खायचा राहून गेलेला.
तांडेलची बायको बघत राहिली,
मग काही न बोलता माझ्यासमोर
एक रिकामी वाटी ठेवून गेली. पाहुण्यासमोर
काहीतरी ठेवायलाच हवं, म्हणून असेल.

मुलाला कळवलेलं नाही. पोटात ठेवलंय.
"तुमच्या पोटात?" रोहिणी म्हणते,
आणि आम्ही दोघंही हसतो,
मी जरा जपून, वाकून हसायचं नसतं.

तिला कसलाच आजार नाही.
मुलाची खोली रिकामी, तिथला पलंग सपाट.
एकदा गेली होती झोपायला.
तासाभराने उशी घेऊन परत,
"तिकडे सगळं सरळ आहे. झोप येत नाही."

पहाटे जाग येते तेव्हा
दोघंही घसरत घसरत पायथ्याशी आलेलो,
तिचे तळवे पलंगाबाहेर.
मी कोपरावर रेटा देत वर सरकतो.
तिलाही ओढून घ्यावं,
की झोपली आहे तिथे झोपू द्यावं,
हे ठरत नाही.
कॅप्सूलला अजून वेळ आहे.